अंदाज आणि संकल्प : ट्रामच्या वाढत्या खर्चाचा नैतिक हिशेब

ट्राममार्गाचा खर्च मंजुरीच्या दिवशी एक असतो, काम सुरू होते त्या दिवशी दुसरा आणि पहिली गाडी धावते त्या दिवशी तिसरा. आकडे जुळत नाहीत तेव्हा वाद सुरू होतो तो पैशांचा म्हणून, पण थोड्याच वेळात तो खरेखोटेपणावर येतो. आधी सांगितलेला आकडा चुकला होता की तो जाणूनबुजून कमी सांगितला होता? तो कोणी कोणाला सांगितला होता? आणि वाढलेली रक्कम कोणाच्या खिशातून जाणे न्याय्य आहे? पहिला प्रश्न ज्ञानाचा, दुसरा वचनाचा आणि तिसरा न्यायाचा आहे.

या आकड्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत. एक ‘अंदाजपत्रक’, दुसरा ‘अर्थसंकल्प’. सरकारच्या वार्षिक हिशेबाला दोन्ही चालतात, पण दोहोंचा पिंड वेगळा आहे. अंदाज हे भाकीत असते. ते चुकले तर चूक म्हणून सोडून देता येते. संकल्पाचे तसे नाही. पूजेच्या आरंभी यजमान तळहातावर पाणी घेतो, स्थळ, काळ, आपले गोत्र, नाव आणि हेतू उच्चारतो आणि मग ते पाणी ताम्हनात सोडतो. कोण, कुठे, केव्हा आणि कशासाठी हे सांगितल्याशिवाय संकल्प होत नाही, आणि एकदा सोडलेला संकल्प मोडला तर दोष लागतो.

ट्रामच्या आकड्यात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी असतात. अभियंता तो अंदाज म्हणून मांडतो, सभागृहात तो संकल्प म्हणून वाचला जातो आणि नागरिक तो शब्द दिल्यासारखा ऐकतो. आकडा तोच राहतो. हात बदलता बदलता त्याचा अर्थ बदलतो. खर्चवाढीचा नैतिक गुंता या बदलात आहे. तो उलगडून पाहण्यासाठी स्कॉटलंडच्या राजधानीचे, एडिंबराचे उदाहरण सोयीचे आहे. तिथे एक मार्ग बिघडला, पुढे त्याचाच विस्तार बऱ्यापैकी सुरळीत पार पडला, आणि बिघाडाची न्यायालयीन पद्धतीने चौकशी झाल्यामुळे कागदपत्रे उघड झाली. शिवाय वचन, कर्ज आणि सार्वजनिक कामे यांवर ज्यांनी मूलभूत विचार केला ते डेव्हिड ह्यूम आणि अ‍ॅडम स्मिथ याच शहरात राहिले आणि इथेच पुरले गेले.

मार्गाची हकीकत

एडिंबराची जुनी ट्राम १६ नोव्हेंबर १९५६ रोजी बंद झाली. मुंबईची ट्राम १९६४ च्या मार्चअखेर थांबली. रूळ नको, तारा नको, वाट अडली तर दुसऱ्या रस्त्याने जाता येते, म्हणून त्या पिढीला बस हा शहाणपणाचा पर्याय वाटला. अर्ध्या शतकाने एडिंबराने मत बदलले. २००३ मध्ये स्कॉटिश सरकारने नव्या ट्रामसाठी ३७.५ कोटी पौंड देऊ केले. तेव्हा तीन मार्गांची चर्चा होती. गर्दीच्या रस्त्यांवर मोटारींकडून शुल्क घेऊन तिसऱ्या मार्गाचा पैसा उभारायचा होता; फेब्रुवारी २००५ मध्ये नागरिकांनी सार्वमतात ते शुल्क नाकारले आणि तो मार्ग कागदावरच राहिला.

२००७ मध्ये सत्तेवर आलेल्या अल्पमतातल्या सरकारला सगळा प्रकल्पच गुंडाळायचा होता, पण संसदेने तसे होऊ दिले नाही. मग मंत्र्यांनी आपला वाटा ५० कोटींवर थांबवला, सिटी कौन्सिलने ४.५ कोटींची भर घालायची ठरवली, आणि विमानतळापासून समुद्रकाठच्या न्यूहेवनपर्यंतच्या १८.५ किलोमीटरसाठी ५४.५ कोटींचा आकडा ठरला. गाड्या २०११ मध्ये धावायच्या होत्या. कौन्सिलने स्थापन केलेल्या ‘टाय’ या कंपनीने मे २००८ मध्ये कंत्राटावर सह्या केल्या, आणि वर्ष उलटायच्या आत शहरातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेच्या रस्त्यावर, प्रिन्सेस स्ट्रीटवर, कंपनी आणि कंत्राटदार यांच्यातल्या वादामुळे काम अडले. मार्च २०११ मध्ये मध्यस्थीने तडजोड झाली. खर्च ७७.६ कोटींवर गेला आणि मार्ग यॉर्क प्लेसलाच तोडण्यात आला. ३१ मे २०१४ रोजी तो सुरू झाला तेव्हा त्याची लांबी १४ किलोमीटर होती.

ठरलेल्या हिशेबाने एक किलोमीटर सुमारे २.९५ कोटींना पडायचा होता, प्रत्यक्षात तो साडेपाच कोटींना पडला. वाढीव रकमेसाठी कौन्सिलने २३.१ कोटींचे तीस वर्षांचे कर्ज घेतले. त्याचे व्याज धरले तर एकूण बोजा १०० कोटींच्या पुढे जातो. यॉर्क प्लेस ते न्यूहेवन हा राहिलेला तुकडा २०१९ मध्ये स्वतंत्र विस्तार म्हणून मंजूर झाला. त्याची लांबी ४.६९ किलोमीटर आणि खर्च २०.७३ कोटी. तो ७ जून २०२३ रोजी खुला झाला. २००८ च्या कंत्राटात जे कबूल केले होते ते अशा रीतीने बारा वर्षे उशिरा आणि एकूण सुमारे ९८ कोटींना पूर्ण झाले.

रस्त्याखालचे अज्ञान

ट्रामचा खर्च दिसतो रुळांवर, पण वाढतो रुळांखाली. शहरातला ट्रामचा रूळ काँक्रीटच्या जाड पट्ट्यात रस्त्याच्या पातळीला बसवलेला असतो. त्या पट्ट्याखाली पाण्याचा नळ फुटला तर तो दुरुस्त करायला गाड्या थांबवाव्या लागतात, कारण ट्रामला बाजूने वळून जाता येत नाही. शिवाय रुळांतून परतणारी वीज जमिनीत झिरपली तर जवळचे लोखंडी नळ गंजतात. म्हणून रूळ टाकण्याआधी पाणी, गॅस, सांडपाणी, वीज आणि दूरध्वनी यांच्या वाहिन्या बाजूला सरकवाव्या लागतात. काम अवघड असते ते सरकवण्यापेक्षा शोधण्याचे. जुन्या शहरात दीडशे वर्षांत वेगवेगळ्या कंपन्यांनी नळ टाकले, काही बंद केले, काहींची नोंद ठेवली, काहींची ठेवलीच नाही. नकाशात नळ डाव्या हाताला असतो आणि चर खणला की तो उजव्या हाताला, दोन फूट वर निघतो. ज्याचा कोणी धनी नाही अशी एखादी केबल लागली तर ती चालू आहे की मेलेली, हे कळेपर्यंत मजूर कुदळ खाली ठेवून उभे राहतात, आणि त्यांच्या थांबण्याचेही बिल होते.

कधी या अज्ञानाला माणसाचा चेहरा असतो. न्यूहेवन विस्ताराच्या वाटेवर लीथ भागात कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्याच्या कडेला साउथ लीथ पॅरिश चर्च आणि त्याची दफनभूमी आहे. रस्ता काढताना मागच्या काळी दफनभूमीचा एक भाग त्याच्याखाली गेला होता. ट्रामचे रूळ टाकण्यापूर्वी तिथे पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, तेव्हा सुमारे १३०० ते १६५० या काळातले ३६० हून अधिक माणसांचे अवशेष मिळाले. एका बाजूला कठडे, फलक आणि यंत्रांची घरघर, आणि त्यांच्या मध्ये गुडघे टेकून बारीक ब्रशने कवटीवरची माती झटकणारी माणसे. त्यांतल्या काहींचे चेहरे पुढे डंडी विद्यापीठात कवट्यांवरून घडवण्यात आले. चर्चपाशी पुरलेल्या माणसाला स्वस्थ पडू देण्याचा शब्द त्या समाजाने केव्हातरी दिलेला होता. रस्त्याने तो एकदा मोडला, ट्रामने दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी मोडताना निदान हाडे मोजली गेली आणि जपून उचलली गेली. या कामाला वेळ आणि पैसा लागतो आणि तो ट्रामच्याच खर्चात धरावा लागतो. मेलेल्यांचा मान ही खर्चवाढ मानायची की मूळ खर्च, हे हिशेबनीस ठरवू शकत नाही.

भाकिताच्या मर्यादेचा प्रश्न ह्यूमने अठराव्या शतकात मांडला होता. आजवर सूर्य उगवला म्हणून उद्या उगवेल, हे मानायला सवयीपलीकडे तर्काचा आधार नाही, असे त्याचे म्हणणे. अंदाजपत्रक हा अशाच सवयीचा व्यवहार आहे: मागच्या चरात जे निघाले तेच पुढच्या चरात निघेल असे धरून चालणे. पण ह्यूमने सवय टाकून द्यायला सांगितले नाही. शहाण्या माणसाने आपला विश्वास पुराव्याच्या प्रमाणात ठेवावा, एवढेच त्याने सांगितले. विसाव्या शतकात डॅनिएल कानेमान आणि एमोस ट्‌वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी याची व्यावहारिक बाजू दाखवली. माणूस आपले काम आतून पाहतो तेव्हा टप्पे मोजतो आणि ते सरळ पार पडतील असे समजतो. बाहेरून पाहिले तर विचारायचे एवढेच असते, की यासारख्या इतर कामांचे काय झाले?

बाहेरून पाहण्याच्या या रीतीचा प्रकल्पाच्या खर्चासाठी पहिला ज्ञात वापर एडिंबराच्या ट्रामवरच झाला. २००४ मध्ये दुसऱ्या मार्गासाठी २५.५ कोटींचा मूळ खर्च आणि त्यावर राखीव रक्कम धरून ३२ कोटी सांगितले गेले होते. इतर रेल्वेमार्गांच्या अनुभवावरून हिशेब केला तेव्हा आकडा आणखी वर गेला. खर्च आत राहण्याची शक्यता निम्मी हवी असेल तर ३५.७ कोटी, आणि पाचांत चार हवी असेल तर ४० कोटी धरायला हवे होते. म्हणजे खर्च वाढू शकतो हे शहराला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. आपल्या अज्ञानाचे माप कागदावर उतरवण्याची विद्या त्याच गावात, त्याच कामासाठी वापरली गेली होती. माहीत असणे आणि मान्य करणे यांत अंतर राहिले.

चूक की असत्य

डॅनिश संशोधक बेंट फ्ल्यूबिएर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वाहतुकीच्या २५८ प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर दहांतल्या नऊ कामांचा खर्च आधी कमी सांगितलेला होता, आणि रुळांवरच्या कामांत ही वाढ सरासरी ४५ टक्क्यांच्या आसपास होती. त्यांचा मुख्य युक्तिवाद साधा आहे. चूक ही दोन्ही बाजूंना होते. वाण्याचा तराजू बिघडला असेल तर कधी गिऱ्हाइकाचे नुकसान होते, कधी वाण्याचे. दर वेळी गिऱ्हाइकाचेच होत असेल तर बिघाड तराजूत नाही. शिवाय सात दशकांच्या नोंदींत अंदाज सुधारताना दिसत नव्हते. खरी चूक माणसाला काहीतरी शिकवते. त्यामुळे या लेखकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘चूक की असत्य’ असा सवाल टाकला होता.

मात्र असत्याचे अनेक प्रकार असतात. एडिंबराच्या कंत्राटाची किंमत बहुतांशी निश्चित आहे, असे सांगितले जात होते. पण कंत्राटाच्या एका परिशिष्टात ती किंमत कोणत्या गृहीतकांवर उभी आहे याची यादी होती. आराखडा बदलणार नाही, वाहिन्या ठरल्या वेळी हललेल्या असतील, अशी ती गृहीतके. त्यांपैकी एखादे ढळले की कंत्राटदाराला वाढीव रक्कम मागता येत होती. सही झाली त्या दिवशीही आराखडा पुरा नव्हता आणि वाहिन्या हललेल्या नव्हत्या. किंमत ‘निश्चित’ होती हे शब्दशः खरे होते, आणि ती टिकणार नव्हती हेही खरे होते.

मराठीत याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. युधिष्ठिराने उच्चारलेले वाक्य व्याकरणाने खोटे नव्हते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. तरी महाभारतकारांनी त्याला सोडले नाही. त्याचा रथ सत्याच्या बळावर जमिनीच्या चार बोटे वर चालत असे, तो त्या क्षणी खाली टेकला. या कथेने सत्याची कसोटी वाक्यावरून काढून ऐकणाऱ्याकडे नेली आहे. बोलणाऱ्याने काय उच्चारले यापेक्षा ऐकणारा काय समजणार आहे हे त्याला ठाऊक होते का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. द्रोणाचार्य शस्त्र खाली ठेवणार, हे युधिष्ठिराला ठाऊक होते. ‘निश्चित किंमत’ ऐकून नगरसेवक हात वर करणार, हे कागद तयार करणाऱ्यांना ठाऊक असेल, तर परिशिष्टातली बारीक अक्षरे त्यांना वाचवू शकत नाहीत. लॉर्ड हार्डी यांच्या चौकशीचा अहवाल सप्टेंबर २०२३ मध्ये आला. त्यात मुख्य दोष ‘टाय’ला दिला गेला, पण कौन्सिलचे अधिकारी आणि लक्ष काढून घेणारे मंत्रीही सुटले नाहीत. चौकशीलाही नऊ वर्षे आणि १.३ कोटी पौंडांच्या वर खर्च लागला.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे विचारात घ्यावे लागते. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९६७ मध्ये ‘झाकणाऱ्या हाता’चा सिद्धान्त मांडला. माणूस पुढच्या अडचणी कमी लेखतो, तसा तो अडचणीतून वाट काढण्याची आपली शक्तीही कमी लेखतो. म्हणून अडचणी झाकलेल्या असणेच बरे, नाहीतर कोणी काही सुरूच करणार नाही. खरा खर्च आधी सांगितला असता तर जगातल्या कितीतरी चांगल्या गोष्टी झाल्याच नसत्या, हा युक्तिवाद सभागृहाबाहेर सर्रास ऐकू येतो. त्यावर दोन उत्तरे आहेत. एक अनुभवाचे: फ्ल्यूबिएर्ग आणि कायदेपंडित कॅस सनस्टीन यांनी २०१६ मध्ये दोन हजारांहून अधिक प्रकल्प तपासले, तेव्हा बहुतेक ठिकाणी झाकलेल्या खर्चाबरोबर फायदाही फुगवलेला निघाला. अडचणीतून निघालेल्या अनपेक्षित वाटांची उदाहरणे होती, पण थोडी.

दुसरे उत्तर तत्त्वाचे आहे. असत्य बोलून एखाद्याचा लाभ झाला तरी करारावरचा विश्वासच ढासळतो, अशी इमान्युएल कान्टची भूमिका होती. तिचा टोकाचा अर्थ घेतला नाही तरी सार्वजनिक कामाला ती नेमकी लागू पडते. झाकणारा हात नैसर्गिक अज्ञानाचा असेल तर तो नशिबाचा भाग झाला. पण तो एका माणसाने दुसऱ्याच्या डोळ्यांवर ठेवलेला असेल, तर दुसऱ्याच्या वतीने ठरवण्याचा अधिकार त्याने चोरलेला असतो. ट्राम चांगली निघाली तरी ही चोरी भरून निघत नाही, कारण हवी की नको हे ठरवण्याचा हक्क नागरिकांचा होता.

अर्धवट मनोरा

खर्च वाढल्यावर पुढचा प्रश्न येतो, की थांबावे की पुढे जावे? ख्रिस्ती परंपरेत यावर एक दृष्टान्त आहे. ल्यूकच्या शुभवर्तमानात येशू विचारतो, की मनोरा बांधू पाहणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही का? पाया घालून काम अडले तर येणारेजाणारे त्याला हसतील. एडिंबराला हा दृष्टान्त डोळ्यांसमोर उभा दिसतो. यॉर्क प्लेसच्या पूर्वेला काल्टन टेकडीवर ग्रीक पार्थेनॉनच्या धर्तीवर राष्ट्रीय स्मारक बांधायला १८२६ मध्ये सुरुवात झाली आणि १८२९ मध्ये पैसे संपले. बारा खांब उभे राहिले, मंदिर झाले नाही. लोक त्याला एडिंबराची नामुष्की म्हणू लागले. गंमत अशी, की आता ते खांबच शहराची ओळख झाले आहेत. पण ट्राम खांबांसारखी नाही. अर्ध्या वाटेवरच्या ट्रामकडे कोणी सौंदर्य म्हणून पाहत नाही.

२५ ऑगस्ट २०११ रोजी कौन्सिलने मार्ग हेमार्केटलाच, म्हणजे मध्यवर्ती बाजारपेठेच्या अलीकडे, थांबवायचे ठरवले. पैसे वाचणार होते, पण अशी ट्राम तोट्यात चालण्याचा इशारा अधिकाऱ्यांनी दिला होता. सरकारने उरलेले ७.२ कोटी रोखण्याचे बजावले आणि आठवडाभरात निर्णय फिरला. अर्थशास्त्र अशा वेळी सांगते, की गेलेला पैसा विसरा. आणखी एक पौंड घातल्याने पुढे काय मिळेल एवढेच पाहा. मराठीत त्याला गेल्या रकमेवर पाणी सोडणे म्हणतात. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. बुडालेला पैसा हे पुढे जाण्याचे कारण होऊ शकत नाही. दिलेला शब्द मात्र होऊ शकतो. पैसा आणि शब्द दोन्ही भूतकाळातले, तरी एकाला सोडायचे असते आणि दुसऱ्याला धरायचे असते. संकल्पाचे पाणी आणि नुकसानीवर सोडायचे पाणी हातातून एकाच तऱ्हेने गळते. फरक नंतरच्या बंधनात आहे. अडलेल्या कामाच्या चर्चेत हे दोन्ही हटकून एक होतात. ‘एवढे घातले, आता मागे कसे फिरायचे?’ या वाक्यात बुडालेल्या पैशाचा मोह असतो आणि मोडू पाहणाऱ्या वचनाची लाजही असते. ती दोन वेगळी करून पाहिली तरच विवेकाने ठरवता येते.

लीथ वॉक या रस्त्यावरच्या लोकांचा दावा वचनाचा होता. पहिल्या प्रकल्पात तिथला रस्ता वाहिन्यांसाठी खोदला गेला, दुकानांपुढे कठडे उभे राहिले, गिऱ्हाइके तुटली. आणि मग मार्ग अलीकडेच तुटल्याने ट्राम आलीच नाही. त्यांनी किंमत आधी मोजली होती, माल मिळाला नव्हता.

भार कोणाचा

सार्वजनिक काम एकेकट्याने का होत नाही, हे ह्यूमने ‘मानवी स्वभावावरील प्रबंधा’त सांगितले आहे. दोन शेजारी मिळून कुरणातले पाणी काढतील. हजार माणसांना ते जमणार नाही, कारण जो तो भार दुसऱ्यावर ढकलेल. म्हणून पूल आणि बंदरे राज्यसंस्था बांधते. स्मिथने १७७६ च्या ‘राष्ट्रांची संपत्ती’त पुढचा प्रश्न घेतला: बांधावे कुठे? जो वापरतो त्याच्या पथकरातून खर्च निघायला हवा, म्हणजे वस्ती नसलेल्या माळरानातून, किंवा एखाद्या बड्या असामीच्या बंगल्याकडे जातो एवढ्याच कारणाने, थाटाचा रस्ता काढला जाणार नाही. स्मिथला वापरणाऱ्याचे पैसे ही शिस्त वाटत होती. खर्चाचा आकडा त्यामुळे जमिनीवर राहतो.

ट्रामला ही कसोटी पुरती लागू होत नाही. तिचा लाभ न बसणाऱ्यालाही होतो: हवा स्वच्छ राहते, रस्ता मोकळा होतो, थांब्याजवळच्या घरमालकाच्या जागेला भाव येतो. खोदकामाचा त्रास मात्र लाभाच्या प्रमाणात वाटला जात नाही. घरमालक भाव वाढण्याची वाट पाहू शकतो, भाड्याच्या गाळ्यातला दुकानदार दोन वर्षे पाहू शकत नाही. त्यामुळे त्याला भरपाई देणे हा उपकार ठरत नाही. तो कामाच्या खऱ्या खर्चाचा भाग आहे, जो आधी दुसऱ्याच्या खिशात लपवलेला असतो. खर्च ‘वाढला’ असे दिसते तेव्हा कधीकधी तो फक्त उघडा पडलेला असतो.

सर्वांत मूक देणेकरी पुढची पिढी असते. तीस वर्षांच्या कर्जाचे शेवटचे हप्ते भरणारी काही माणसे ते काढले त्या दिवशी जन्मलेलीही नव्हती. ह्यूमने १७५२ च्या सार्वजनिक कर्जावरील निबंधात इशारा दिला होता, की कर वाढवल्यावाचून मोठेपणा मिरवता येत असल्याने सत्ताधाऱ्यांना कर्जाचा मोह आवरत नाही. भारतीय परंपरेतल्या ऋणाच्या कल्पनेने याच नात्याकडे उलट बाजूने पाहता येते. माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो. पितरांचे ऋण पितरांना परत करता येत नाही. ते पुढच्यांना देऊन फेडायचे असते. त्या दृष्टीने कर्ज काढून बांधलेली ट्राम हा पुढच्यांवरचा अन्याय ठरतोच असे नाही. पुढच्यांना मार्ग मिळत असेल आणि हप्त्यांपेक्षा तो जास्त वर्षे टिकत असेल, तर ती देवघेव आहे. अन्याय होतो तो १८.५ किलोमीटरचे कर्ज आणि १४ किलोमीटरचा मार्ग सोपवल्यावर. १९५६ मधल्या पिढीने रूळ उखडून वाचवलेला पैसाही असाच पुढच्यांच्या खात्यावर गेला.

विस्ताराचा धडा

न्यूहेवन विस्ताराच्या वेळी शहराचा स्वतःच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता, आणि तेच कामी आले. २०१७ मध्ये खर्च साडेसोळा कोटींच्या घरात धरला होता. अंतिम मंजुरीपूर्वी जोखमीची तरतूद वाढवून तो २०.७३ कोटी करण्यात आला. वाढ झाली, पण ती सहीच्या आधी आणि उघडपणे. एक जागा एकदाच खोदायची, तिथल्या वाहिन्या, अवशेष आणि रूळ यांचे काम संपवूनच कठडे हलवायचे, असा नेम ठेवण्यात आला. कर्जाची फेड पुढच्या तिकिटांच्या उत्पन्नातून व्हावी अशी योजना होती, म्हणजे स्मिथचा नियम शक्य तेवढा पाळला गेला. व्यावसायिकांसाठी मदतनिधी ठेवला गेला. करोनाच्या साथीत काम काही काळ थांबूनही मार्ग त्या रकमेत पुरा झाला.

या यशाला एक टीप जोडायला हवी. पूर्ण मार्गासाठीच्या सत्तावीस गाड्या आणि आगार पहिल्या प्रकल्पातच घेतलेले होते, आणि लीथ वॉकखालच्या काही वाहिन्याही तेव्हाच हलल्या होत्या. विस्ताराचा एक किलोमीटर सुमारे ४.४ कोटींना पडला, तो काही अंशी आधीच्या अपयशाने भरून ठेवलेल्या पैशांमुळे. विस्ताराचा खर्च मूळ मार्गापासून तोडून मोजला की तो एकतर फार स्वस्त दिसतो किंवा फार महाग.

शहर आता ग्रँटनपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गाचा विचार करत आहे. त्यातला एक पर्याय जुन्या रेल्वेच्या जागेवर तयार झालेल्या रोझबर्न या झाडीच्या पायवाटेवरून जातो. तिथे रस्त्याच्या मानाने नळ आणि केबली कमी, म्हणून काम सोपे. पण चालणाऱ्यांची सावली आणि पाखरांचा आसरा कोणत्या रकान्यात लिहायचा, हा प्रश्न पुन्हा समोर आहे.

ह्यूमच्या मते वचन ही निसर्गदत्त गोष्ट नाही; माणसांनी परस्परांच्या सोयीसाठी घडवलेली ती रीत आहे. ती मोडणाऱ्याला शिक्षा एकच: पुढच्या वेळी त्याच्या शब्दावर कोणी विसंबत नाही. खर्चाच्या आकड्याचेही तसेच आहे. अंदाज चुकणे टाळता येत नाही, कारण चर खणल्याशिवाय नळ दिसत नाही. टाळता येते ते अंदाजाला संकल्पाचे सोवळे नेसवणे. प्रामाणिक आकडा संकल्पाप्रमाणे स्थळ, काळ आणि कर्ता सांगतो: कुठपासून कुठपर्यंत, कोणत्या सालच्या भावाने आणि चुकल्यास कोणाच्या खर्चाने. आणि अंदाजाप्रमाणे तो आपले अज्ञानही आकड्यातच मांडतो. या दोन अटी पाळून खर्च वाढला तर ती महागाई असते किंवा दुर्दैव. न पाळता वाढला तर तो वचनभंग ठरतो, मग वाढ कितीही थोडी असो.